उचलायचं बळ

साठीनंतर माणसाने जपून राहावं, जड उचलू नये, असं सांगणारे गोव्यातल्या आमच्या सर्वण गावात पायलीचे पन्नास मिळतात. मीही त्यातलाच होतो. खाणीच्या वर्कशॉपमध्ये होतो तोवर ट्रकचे टायर लोटले, जॅक ओढले. मग खाण बंद पडली, मी घरी बसलो आणि पोट सुटलं. त्याची लाजही वाटत नसे. शेणखताची पाटी, पाण्याची कळशी, भाताची लावणी, सगळ्याला बायको होती. मी सोप्यावर बसून पेपर वाचायचो आणि देशाची काळजी करायचो.

मग तिला झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. इस्पितळातून घरी आणली त्याच आठवड्यात आम्ही दोघं न्हाणीत पडलो. अंथरुणावर अंग पुसून घेणं तिला मान्य नव्हतं. आंघोळ करायची ती न्हाणीतच. आंघोळ झाल्यावर तिला स्टुलावरून उचलायला मी वाकलो, कमरेत कळ आली आणि तिच्यासकट खाली बसलो. तिलाही उठता येईना, मलाही. बाहेर पाववाल्या पोदेराचा हॉर्न वाजला तेव्हा मी बोंब मारली. पावाची सायकल टाकून तो बिचारा आत आला आणि मान दुसरीकडे वळवून त्याने तिला ओल्या लुगड्यानिशी उचललं. तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

मुलगी वास्कोहून धावत आली. ती तिथे तिसऱ्या माळ्यावर राहते. तिने सरळ सांगून टाकलं, "बाबा, जे दिसा तुका आई उखलूंक जावची ना, ते दिसा हांव तुमकां दोगांकय वास्कोक व्हरतलें." मुलीचं चुकत नव्हतं. पण ती गेल्यावर बायकोने माझा हात डाव्या हाताने धरला आणि तुटक तुटक म्हणाली, "म्हाका हांगासून खंय व्हरूं नाकात. म्हाका हांगाच मरूं दियात."

म्हणजे सगळं माझ्या पाठीवर आणि मांड्यांवर आलं. मी उचलू शकलो तर ती तिच्या घरात राहणार, नाही तर तिसऱ्या माळ्याच्या खिडकीत.

मी कोठारातलं भात एका गोणीत भरलं, आधी अर्ध्याहून कमी, आणि ती तिच्या खाटेसमोर उचलायला लागलो. खाली बसायचं, गोणी छातीशी घ्यायची, उठायचं. ती पडल्या पडल्या मास्तरीण झाली. "कंबरेन न्हय, पांयांनी उखलात," म्हणायची आणि अर्ध्या तोंडाने हसायची. जन्मभर पाट्या उचललेली बाई ती, तिला कळणारच. शेजारी कुंपणावरून बघत आणि म्हणत, म्हाताऱ्याला आता पहिलवान व्हायचंय. म्हणोत. अंग अंग दुखायचं, तरी दर आठवड्याला मी गोणीत पायलीभर भात वाढवायचो.

तिला उचलणं हळूहळू जमायला लागलं. आधी धाप लागायची, मग नुसता घाम यायचा. पुढे पुढे तर मी तिला उचलून न्हाणीत नेताना तिच्याशी गप्पा मारू लागलो. संध्याकाळी अंगणात तुळशीपुढे आणून बसवायचो. लोकांसमोर बायकोला हात न लावलेला मी, आता तिला उचलून सगळ्या वाड्यासमोर उंबरठा ओलांडायचो, आणि खोटं कशाला सांगू, मला फार अभिमान वाटायचा. गोणी मग कोपऱ्यात पडून राहिली. आता तिची गरज काय, असं मला वाटलं.

जेवण मी भरपूर करायचो. आमच्याकडे नवऱ्याच्या उष्ट्या ताटात बायकोने जेवायची रीत. लग्नापासून ती माझ्या ताटात जेवली. आता उलट झालं. ती चार घास खायची आणि ताट माझ्याकडे सरकवायची. "तुमकां बळ जाय. खायात." अन्न टाकायचं नाही म्हणून मी तिची पेज, तिचं माशांचं हुमण, तिची नाचणीची तिजाण संपवायचो. तिच्या हातातला चुडा कोपरापर्यंत घसरायचा, तो मी परत मनगटावर आणून ठेवायचो. त्याचा अर्थ काय, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

परवा दुपारी मुलगी आली. मी मागीलदारी होतो. आत आलो तर मुलगी आईला दोन्ही हातांवर घेऊन न्हाणीतून येत होती. ही मुलगी दोन वर्षं कंबरेला पट्टा बांधून फिरते, भरलेली बादली तिला उचलत नाही. खाटेवर ठेवताना ती आईला म्हणाली, "आई गो, कितली हलकी जालीस तूं!" आणि माझ्याकडे बघून रडायला लागली.

मी दारातच उभा राहिलो. मला कुणी थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं. माझ्या अंगात कसलंही बळ आलं नव्हतं. ती तेवढी उरली नव्हती.

मुलगी चहा ठेवायला गेली तेव्हा मी खाटेवर बसून विचारलं, तुला ठाऊक होतं?

"म्हाका केन्नाच कळिल्लें," ती म्हणाली. "तुमी इतले खोशी आशिल्ले. सांगपाक मन जालें ना."

त्या रात्री मी तिच्यासाठी मऊ भात केला, तूप घातलं, आणि सगळा संपवल्याशिवाय सोडणार नाही असं बजावून एकेक घास भरवायला बसलो. तिने दोन घास खाल्ले. तिसरा तोंडात तसाच राहिला, तो मी तिच्या पदराने पुसून काढला. मग तिने डाव्या हाताने ताट माझ्याकडे लोटलं.

"खायात," म्हणाली. "फाल्यां सकाळीं म्हाका उखलपाची आसा न्हू?"

मी तो भात खाल्ला.