अकरा वेळा एक

आमच्या शेजारचे जीवराम नाना जळगावच्या एका कापूस प्रेसमध्ये तीस वर्षं रुईच्या गाठींवर काळ्या शाईने क्रमांक घालत होते. हंगामात बावीस-तेवीस हजार गाठी निघत. पुढच्या हंगामात पुन्हा एकपासून. शिक्षण सातवीपर्यंत. १९८० साली निवृत्त झाले आणि एका संख्येच्या मागे लागले. अकरा वेळा एक: अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. ही मूळ संख्या आहे, तिला दुसऱ्या कशानेच भाग जात नाही, हे त्यांना सिद्ध करायचं होतं.

त्यासाठी एक लाख पाच हजारांपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावं लागतं. अशा दहा हजारांवर संख्या. नानांनी एकपासूनचे आकडे स्वतः वह्यांत लिहिले, पटीतले खोडले आणि उरलेल्यांनी रोज चार-पाच भागाकार केले.

"आकड्यांशीच लगीन लावायचं व्हतं," नानांच्या पत्नी कमलबाई म्हणायच्या, "भाकरी बी त्यांनीच थापली असती!"

"त्यास्नी करपाडी नसती," नाना वहीतूनच म्हणायचे.

शेवटी शेवटी नजर अधू झाली. माझी मुलगी ज्योत्स्ना त्यांना आकडे वाचून दाखवायला जायची. तिचं दहावीचं वर्ष. मला तिच्या अभ्यासाची धास्ती होतीच. त्यात डॉक्टरांनी नानांचं हृदय फार थकलंय असं सांगितलं.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीत शेवटचा भागाकार झाला. अमळनेरच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांना पत्र लिहून तयार होतं. नानांनी वह्या माझ्याकडे दिल्या. "ताई, तू बी.एस्सी. शे. एक डाव दखी ले."

चौथ्या दिवशी माझं बोट थांबलं. २१६४८ नंतर थेट २१६५०. मधला आकडा खोडलेला नव्हता, लिहिलेलाच नव्हता. मी २१६४९ ने भागून पाहिलं. बाकी शून्य. पुन्हा भागलं. शून्य.

दोन दिवस मी गप्प राहिले. पण पत्र सोमवारी टपालात पडणार होतं, आणि त्यांचं हसं झालेलं मला बघवलं नसतं. सांगितलं.

नाना वहीवर वाकले.

"त्या नंबरनी गाठ आम्ही कधी छापीच नही, ताई."

त्या गाठीच्या वेळी त्यांचा धाकटा भाऊ निंबा प्रेसखाली सापडला होता. तेव्हापासून प्रत्येक हंगामात तो क्रमांक वगळत. बावीस वर्षं वगळून वगळून नानांच्या हाताला त्याची जागाच उरली नव्हती.

"नवं पत्र लिख," ते ज्योत्स्नाला म्हणाले. "लिख, भाग जातो. चूक मनी, जीवरामनी शे."

"कितीने जातो म्हणून लिहू, नाना?"

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. शेवटी तिनेच वहीत बघून आकडा लिहिला. नानांनी न वाचता सही केली.

"महिनाभर थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?" घरी आल्यावर ज्योत्स्नाने मला विचारलं.

नाना मार्गशीर्षात गेले. नंतर अमळनेरहून कार्ड आलं. प्राध्यापकांनी मोठ्या आदराने लिहिलं होतं: आपले कष्ट थोर आहेत, मात्र या संख्येचे अवयव फार पूर्वीपासून पुस्तकांत दिलेले आहेत.

ते कार्ड मी ज्योत्स्नाला दाखवलेलं नाही.