विष्णूची चाकाची खुर्ची

माझ्या दोन्ही पायांत कधीही काही दोष नव्हता. तरी २००७ च्या उन्हाळ्यातला निम्मा दिवस मी चाकाच्या खुर्चीत बसून काढला. कारण वैद्यकीय नव्हतं, धार्मिक होतं.

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. अधिकाच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला बोलावून अनारशांचं वाण द्यायचं, ही रीत. माझी सासुरवाडी धारची आणि मी देवासला एका हिंदी दैनिकाचा वार्ताहर. मेहुणा मिलिंद याने जाहीर केलं की यंदा वाण घरी द्यायचं नाही, इंदूर रस्त्यावरच्या नव्या मनोरंजन पार्कात द्यायचं.

"जिजाजी, झुले झुला, पाण्यात डुंबा, वाणपण घ्या. एकाच दिवसात सगळं निपटून जाईल."

विष्णूला निपटवण्याची ही कल्पना सासूबाईंना पसंत पडली. त्या आणि मिलिंद धारहून आले, माझी बायको वृंदा नि मी देवासहून गेलो. मिलिंदबरोबर सिंधूआत्याही आली होती. ही वृंदाची आत्या, म्हणजे सासूबाईंची नणंद. लहानपणी पोलिओने तिचा डावा पाय वाळला. ती काठी घेऊन चालते आणि धारमधल्या अर्ध्या मुलींना शिवण तिनेच शिकवलंय. तिला ना झुल्यांचं कौतुक होतं, ना पाण्याचं. तिला फक्त आकाशपाळण्यात बसायचं होतं. लहानपणी जत्रेत तिचे वडील भावाला पाळण्यात बसवत आणि तिच्या हातात सगळ्यांच्या चपला देत. "तुझा पाय अडकेल," एवढंच कारण. चपला सांभाळून तिचं बालपण संपलं होतं.

"वरून देवासची टेकडी दिसते का हो?" तिने फाटकापाशीच मला विचारलं.

"दिसत असेल," मी म्हणालो. (खात्री न करता दिलेली त्या दिवशीची ही पहिली माहिती.)

फाटकाजवळ पाटी होती. चाकाची खुर्ची लागणाऱ्या माणसाला आणि त्याच्या कुटुंबाला रांग नाही, त्यांनी बाहेर पडायच्या दाराने आत यावं. नियम चांगला होता. हे मी अधिकाराने सांगतो, कारण त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या अपंगांच्या खिडकीवर धडधाकट लोक कसे घुसतात यावर मी तीन कॉलमची बातमी दिली होती. आत्याचा पाय पाहून फाटकावरच्या माणसाने काही न विचारता खुर्ची काढून दिली. पार्कात ती एकच होती. इथपर्यंत सगळं कायदेशीर होतं.

"बसा वन्सं," सासूबाई म्हणाल्या.

आत्या खुर्चीचा दांडा धरून थबकली. "आणि जावईबापू?"

"ते येतील की चालत."

"अधिकात? विष्णू पायी आणि मी गाडीत? वहिनी, मला नरकात धाडता का?"

सासूबाई विचारात पडल्या. मुद्दा बिनतोड होता. "खरंय हो. विष्णू कुठं चालतात? ते पहुडलेलेच असतात."

मी दोनदा नको म्हणालो. जावयाचा पहिला नकार म्हणजे संकोच, दुसरा म्हणजे चांगले संस्कार. तिसऱ्याची वाट कुणी पाहत नाही. मी बसलो. खुर्ची उत्तम होती.

अशा रीतीने, ज्या कुटुंबाकडे त्या खुर्चीचा खरा हक्कदार हजर होता, त्याच कुटुंबाने रीतसर मिळालेली सवलत केवळ शिष्टाचारापायी बनावट करून टाकली. असं प्रकरण माझ्या वार्ताहरकीत दुसरं आलं नाही.

खुर्ची ढकलायला आत्याच पुढे झाली. काठीपेक्षा हा दांडा धरून चालायला बरं पडतं, असं ती म्हणाली आणि काठी माझ्या मांडीवर ठेवून मोकळी झाली. एक लंगडणारी बाई एका टुणटुणीत माणसाला ढकलत नेतेय, हे दृश्य लोक थांबून पाहत होते.

"बेचारी," एक बाई दुसरीला म्हणाली. "खुद से चला नहीं जाता, और बेटे को देखो, कैसा पड़ा है."

"पड़ा नहीं है, बाई," मिलिंद लगेच म्हणाला. "लिगामेंट टूटा है."

तिथून माझी प्रकृती खालावत गेली. पहिल्या झुल्यावर माझं लिगामेंट तुटलेलं होतं. दुसऱ्यावरचा माणूस जरा खवट निघाला, म्हणून मिलिंदने मांडीचं हाड मोडलं. पाण्याच्या घसरगुंडीपाशी तर त्याने मला सोनकच्छजवळ ट्रकखाली घातलं.

"अरे, जरा कमी कर," मी दबक्या आवाजात म्हणालो.

"जिजाजी, तुम्ही बोलून नका राहू. बोलायची ताकद कुठं उरलीये तुमच्यात?"

या पद्धतीत एक दोष होता. आजार जितका गंभीर, तितकी रांग लवकर सुटायची. पण आजार जितका गंभीर, तितकं मला झुल्यात बसू द्यायला झुलेवाले तयार नसायचे. त्यामुळे मंडळी आत जायची, मी सावलीत. माझ्या मांडीवर आधी काठी होती, मग पर्स आल्या, मग अनारशांचा डबा, मग ओले टॉवेल. शेवटी सगळ्यांच्या चपला आल्या. आत्याने त्या नीट जोडी लावून ठेवल्या. तिला सवय होती.

आकाशपाळणा पार्कच्या पार टोकाला, चढावर होता. आत्याने मला तिथवर ढकलत नेलं. ती धापा टाकत होती, पण डोळे वर लागले होते. पाळण्यावरच्या माणसाने आम्हाला नीट न्याहाळलं.

"इनको क्या है?"

"रीढ़ की हड्डी," मिलिंद म्हणाला. याहून वर हाड शिल्लक नव्हतं.

"तो इनको नहीं बिठाएँगे भिया. और घर का एक जन इनके पास रुकेगा. ऐसे मरीज को अकेला नहीं छोड़ते."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सासूबाई अगदी मायेने म्हणाल्या, "वन्सं, तुम्हाला नाहीतरी चढायचा त्रासच. तुम्ही थांबता का जावईबापूंपाशी?"

आत्याने एकदा वर पाहिलं. मग माझ्या मांडीवरचा चपलांचा ढीग सारखा केला. "थांबते की," ती म्हणाली. "टेकडी दिसली तर खाली आल्यावर सांगा."

मी उठून उभा राहिलो.

चपला खाली सांडल्या, अनारशांचा डबा उघडला, काठी घरंगळत गेली. पूर्ण रांग माझ्याकडे वळली. आता कुणी टाळ्या वाजवेल, निदान देवाचं नाव घेईल, असं वाटलं. पण रांगेतल्या पागोटेवाल्या म्हाताऱ्याने फक्त विचारलं, "भिया, इलाज किसका चल रिया है?"

पाळणेवाला मात्र श्रद्धाळू नव्हता. "तो ये बात है," तो म्हणाला. त्याने आत्याचा पाय पाहिला, खुर्ची पाहिली, मग माझे दोन भक्कम पाय पाहिले. "अम्माजी, आप बैठो कुर्सी में. एक जन साथ चलो. बाकी लोग पीछे, लाइन में."

"अहो, पण हे जावई आहेत आमचे," सासूबाई म्हणाल्या.

"लाइन में जमाई भी खड़े रहते हैं, माताजी."

आत्या खुर्चीत बसली. वृंदाने तिला आत नेलं आणि पाळण्यात चढवलं. सासूबाई, मिलिंद आणि मी शेपटाला गेलो, म्हणजे खाली फरसाणच्या टपरीपर्यंत. ऊन मी म्हणत होतं. सासूबाईंनी छत्री उघडून माझ्यावर धरली. विष्णूवर छत्र असतंच, त्यामुळे अधिकाची तेवढी बूज राहिली. तेवढ्यात पागोटेवाला म्हातारा आपली जागा सोडून आमच्या मागोमाग आला. हाटपिपल्याचा होता, बायकोचे गुडघे धरले होते.

"भिया, डॉक्टर का नाम तो बता दो."

"डॉक्टर नहीं है, दादा."

"वैद्य?"

काय सांगणार. मी पाळण्याकडे बोट केलं. "वो ऊपर बैठी हैं."

पाळणा वर थांबला होता. आत्याने काठी बाहेर काढून हलवली. कुणाला दाखवत होती, ते कळलं नाही.

खाली आल्यावर ती खुर्चीतून थेट आमच्यापाशी आली. तोंडावर हसू मावत नव्हतं.

"दिसली का टेकडी?" मी विचारलं.

"दिसली की. आणि विष्णूपण दिसले. उभे होते."

म्हातारा हात जोडून पुढे झाला. "बाईजी, आपने ही ठीक किया इनको? हमारी घरवाली के घुटने..."

आत्याने मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं, पेशंट बरा झाल्यावर डॉक्टर पाहतात तसं.

"घुटने सच में खराब हैं?" तिने विचारलं.

"हाँ बाईजी, बहुत."

"तो मेरे पास इलाज नहीं है," आत्या खुर्चीवरून उठत म्हणाली. "मैं सिर्फ अच्छे पैर ठीक करती हूँ. उनको बिठा दो, ये कुर्सी अब खाली है."