चर्चच्या दारातल्या मार्थाबाई

नाव विचारल्याशिवाय मार्थाबाई पाटोळे कुणालाही चर्चमध्ये बसू देत नसत. नाशिकच्या शरणपूर भागातल्या आमच्या चर्चच्या दारात त्या दर रविवारी भक्ती सुरू व्हायच्या बऱ्याच आधी येऊन उभ्या राहत. उभा जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेलेला, त्यामुळे त्यांचं स्वागतही हजेरी घेतल्यासारखं. आमच्याकडे पद्धत अशी की पहिली गाणी झाली की नव्या पाहुण्यांनी जागेवर उभं राहायचं, नाव, गाव, काम सांगायचं आणि मंडळीनं टाळ्या वाजवायच्या. हे खातं बाईंचं. कुणी पुटपुटलं की त्या म्हणायच्या, "मोठ्यानं. मागच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे. आणि हात खिशातून काढा." बाईंना जाऊन आता वर्ष झालं, तरी चारचौघांत बोलायला उभा राहिलो की माझे हात आधी खिशाबाहेर येतात.

मी त्यांचा चौथीतला विद्यार्थी आणि पुढे शेजारी. मला लहानपणापासून मोठ्या माणसांचं वेड. फोनमध्ये माझे दोन आमदारांबरोबर फोटो आहेत, एका नटीच्या मागे उभा असलेला एक आहे, आणि एका गायकाचा नुसता खांदा आलेला एक आहे. हे सगळं मी बाईंना हौसेनं दाखवायचो. त्या चष्मा पुसून नीट बघायच्या आणि विचारायच्या, "हे तुला ओळखतात का रे, विनू?"

"नाही, बाई."

"मग ही ओळख कसली? हा तर पुरावा झाला."

प्रसिद्धीबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. "ते शेजारणीचं पातेलं असतं," त्या म्हणायच्या. "वापरावं, घासावं, परत करावं. त्यावर आपलं नाव घालून घ्यायला जाऊ नये." दुसरं एक नेहमीचं म्हणजे, "प्रभू आजाऱ्याला बरं करायचे आणि वर बजावायचे, कुठं बोलू नकोस. तुम्ही घरी नुसती खिचडी केली तरी जगाला फोटो पाठवता." यावर माझी बायको शिल्पा हळूच फोन पदराखाली घ्यायची.

हे नुसतं बोलणं नव्हतं. शाळेच्या बक्षीस समारंभाला एकदा एक नावाजलेला क्रिकेटपटू आला होता. मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळे हार घेऊन रांगेत. बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी बुटाची नाडी बांध, बाळा. पोरं बघतायत." तो खाली वाकला, हार घालायला पुढे झालेले मुख्याध्यापक हार हवेत धरून तसेच राहिले.

पण बाईंचं नाव झालं ते एका नटामुळे. आपल्याकडचाच, मराठी, पण हिंदीत फार मोठा झालेला. दिंडोरीकडे द्राक्षबागेत कसल्याशा जाहिरातीचं शूटिंग होतं आणि रविवारी सकाळी तो टोपी, काळा चष्मा घालून एकटाच आमच्या चर्चमध्ये आला. मागच्या बाकावर बसला. सगळ्या मंडळीला कळलं. पाळकसाहेबांनी एकच वचन दोनदा वाचलं. कळलं नाही ते एकट्या मार्थाबाईंना, कारण त्या सिनेमा बघत नसत. पाहुण्यांची वेळ आली तशा त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"उभे राहा. टोपी काढा. नाव?"

त्यानं नाव सांगितलं.

"काम काय करता?"

"सिनेमात आहे."

"म्हणजे थिएटरवर? आमच्या नात्यातला एक आहे तसा, गेटवर. फार उभं राहावं लागतं हो."

"हो, उभं राहावं लागतं," तो म्हणाला.

"एकटेच आहात? मग जेवायला माझ्याकडे चला. आणि दिंडोरीला एका शाळेत शिपायाची जागा निघणार आहे म्हणतात. अर्ज टाकून बघा, रविवारची सुट्टी तरी मिळेल."

मंडळीनं टाळ्या वाजवल्या. बाईंना वाटलं, नोकरीच्या बातमीला वाजवल्या. तो खरंच त्यांच्याकडे जेवला, दोनदा रस्सा मागून घेतला, आणि जाताना पायाही पडला. शिल्पानं चर्चमधला सगळा प्रसंग फोनवर टिपला होता. संध्याकाळी दुबईच्या मेहुण्यानं तोच व्हिडिओ मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'ही बाई बघ, हसून मेलो.'

झालं. पुढच्या रविवारपासून लोक यायला लागले. नाशिकरोडचे, सिडकोचे, चर्चची पायरी कधी न चढलेलेसुद्धा. सगळ्यांना एकच हवं होतं. बाईंनी "काम काय करता?" म्हणायचं आणि त्यांनी ते फोनमध्ये घ्यायचं. पहिले काही दिवस बाई वैतागल्या. मग वैताग जरा कमी झाला. मग साडीला खळ आली. चष्म्याची फ्रेम बदलली. कॉलेज रोडच्या एका साडीच्या दुकानाची फीत त्यांनी कापली, आणि मी पातेल्याची आठवण काढली तेव्हा म्हणाल्या, "अरे, बोलावलं तर नाही कसं म्हणायचं? त्यातून प्रभूचंच नाव होतं." नाव कुणाचं होत होतं ते आम्हाला दिसत होतं, पण बोलणार कोण? आम्ही सगळे त्यांच्या छड्या खाल्लेले.

मग तो रविवार आला. घोटीहून एक मोठं कुटुंब आलं होतं, आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत. बाईंनी त्यांना उभं केलं, एकेकाला विचारलं. त्यांच्या थोरल्या सुनेच्या फोनमध्ये नीट यावं म्हणून एक प्रश्न परत विचारला. सगळी मंडळी हसली. भक्ती संपल्यावर शिल्पा बाईंना म्हणाली, "बाई, ती हिरव्या साडीतली कोण होती?"

"कोण हिरव्या साडीतली?"

"मागे खांबाशी होती बघा. एकटीच. पाहुण्यांच्या वेळी उभी राहिली होती, मग आपली आपणच खाली बसली. गेटवर मला दिंडोरीची बस विचारत होती. तिथं द्राक्षाच्या पॅकिंगला असते म्हणाली, मूळची नांदगावची."

बाई पायरीवर खालीच बसल्या. घोटीची सून फोटोसाठी पुढे आली, तिला हातानंच थांबवलं. "विनू," त्या म्हणाल्या, "मी कॅमेऱ्याकडे बघत होते रे. माझ्या दारातून एक बाई नाव न सांगता परत गेली." त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, येईल पुढच्या रविवारी. त्या म्हणाल्या, "येणार नाही. मी आले असते का? गाडी काढ."

गाडी म्हणजे माझी स्कूटर. खळीच्या साडीत, एका बाजूला बसून, बाई निघाल्या आणि दिंडोरीपर्यंत दर गतिरोधकाला माझ्या पाठीत चिमटा काढत राहिल्या. तिथं चार पॅकहाऊस धुंडाळले. एका ठिकाणच्या रखवालदारानं बाईंना ओळखलं, "व्हिडिओतल्या तुम्हीच ना? आमालाबी विचारा की." बाईंनी विचारलं, पण हिरव्या साडीबद्दल. त्यानं मागच्या पत्र्याच्या खोल्या दाखवल्या.

तिनं दार उघडलं. चाळिशीची असेल. साडी तीच होती. आम्हाला बघून गोंधळली.

"सलाम," बाई आमच्या ख्रिस्ती रिवाजानं म्हणाल्या. "सकाळी तुम्ही आमच्याकडे आला होतात."

"आले व्हते," ती म्हणाली. "आमचं मानूस गेलं ना, म्हनून. कुनी प्रार्थना करंल वाटलं. उभी राह्यले मी. पन तिथं काहीतरी मोठा कार्यक्रम चालू व्हता, मंग बसले." मग तिनं विचारलं, "तुमी कोन?"

मी तोंड उघडलं, 'अहो, याच त्या' म्हणायला. बाईंनी माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोर लावून. तिनं बसायला एकुलती एक खुर्ची पुढे केली होती. बाई बसल्या नाहीत. पदर सारखा केला, दोन्ही हात बाजूला घेतले आणि मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी मार्था पाटोळे. नाशिकची. चर्चच्या दारात उभी असते."

"हां का," ती म्हणाली. "नाय बा ऐकलं नाव."

बाई हसल्या. व्हिडिओ निघाल्यापासून त्या अशा हसल्या नव्हत्या. मग खुर्ची बाजूला सारून त्या तिच्याशेजारी खाली सतरंजीवर बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि तिच्या माणसाचं नाव विचारलं. ती सांगायला लागली. बराच वेळ सांगत होती. मी चहाला दूध आणायला बाहेर पडलो.