मागच्या घराची वाट

“जागा माझी, घर माझं. मंग तुम्ही अडवून का राह्यल्या, मॅडम?”

भगवानरावांनी बांधकामाचा नकाशा माझ्या टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आपटलाच. मी जालना जिल्ह्यातल्या एका लहान नगरपरिषदेत नगररचना विभागात आहे. घर बांधायची परवानगी आमच्याकडून मिळते. विभाग म्हणजे मी आणि एक क्लार्क.

भगवानराव मूळचे वडीगोद्रीकडचे शेतकरी, शहरात स्थिरावलेले. मुलाचं लग्न ठरलं होतं. जुनं घर पाडून खाली बैठक आणि दोन दुकानं, वर खोल्या, असा बेत होता. जुन्या वस्तीत शेजारच्या भिंतीला लागून बांधता येतं, म्हणून नकाशा कागदावर ठीक वाटत होता. पण साइट व्हिजिटला गेले, तर मागे आणखी एक घर. तिथे त्यांच्या वारलेल्या धाकट्या भावाची बायको सुमनबाई आणि मुलगी पूजा राहत होत्या. रस्त्यावर यायची त्यांची एकमेव वाट भगवानरावांच्या जागेतून होती. नकाशात त्या वाटेवर दुकान आलं होतं.

फाइल मुख्याधिकाऱ्यांकडे नेली.

“भाऊबंदकी आपला विषय नाही,” सर म्हणाले.

“सर, मागच्या घराला दुसरा ॲप्रोच नाही.” ॲप्रोच म्हणजे रस्त्यापासून दारापर्यंतची वाट. “आपण सही केली तर ते घर कोंडलं जाईल.”

“त्या बाईंची तक्रार आहे?”

“नाही.”

“मग जाऊन विचारा. तोवर सही नको.”

मी गेले. सुमनबाई शिलाई मशीनवर होत्या. “हे गेल्यावर भाऊजींनीच सांभाळलं आम्हाला,” त्या हळूच म्हणाल्या. “कोणत्या तोंडानं न्हाई म्हणू?”

भगवानराव मागोमाग आलेच. “वाट बंद कुठं करून राह्यलो? माझ्या घरातून जातील. परक्या हायेत का त्या?”

ते अगदी मनापासून बोलत होते. दाराशी पूजाची तीन चाकांची स्कूटी उभी होती. तिचा एक पाय लहानपणापासून अधू. कॉलेजला ती या गाडीवर जायची, आणि गाडी काकांनीच घेऊन दिलेली.

मी पूजाला विचारलं, “तुला चालेल?”

ती काकांकडे बघून म्हणाली, “मोठे बाबा, आज मी कुठूनबी जाईन. पण वहिनी आल्यावर रोज सकाळी गाडी तिच्या बैठकीतून काढू? ती कंटाळली तरी बोलणार न्हाई. पण मला कळंल ना.”

भगवानराव तिथेच पायरीवर बसले.

“हे आधी का न्हाई सांगितलं?”

“तुम्ही लई खुशीत होते.”

मग ते उठले, स्कूटीच्या दोन्ही बाजूंना हात धरून रुंदी बघितली आणि मला म्हणाले, “टेप आणला का, मॅडम? बराबर मोजा. वळवायलाबी जागा पाहिजे.”

त्यांच्या इंजिनिअरला बोलावून आम्ही नकाशा बदलला. एक दुकान काढलं, तिथून वाट ठेवली. वाटेवर स्लॅब घालून वरची खोली वाचवली. दुकान गेल्याचं भगवानरावांना वाईट वाटलंच. ऑफिसात प्रत्येक वेळी त्यांनी ते मला ऐकवलं, आणि मी ऐकून घेतलं.

घर झालं. पूर्णत्वाच्या तपासणीला गेले तेव्हा नवी सून घरात आली होती. तिचा नवरा, म्हणजे भगवानरावांचा मुलगा, मोटरसायकल वाटेत लावत होता. भगवानराव आतून ओरडले, “ए, बाहेर लाव! पोरगी येईल आता.”

वाट किती रुंद हवी, हे मी मंजुरीत लिहू शकते. ती मोकळी ठेवायचं काम घरातल्या माणसांचं. आमच्या खात्याची हद्द तिथे संपते.