बायच्या गळ्यातली गाठ

देवळाच्या पायरीवरून मानकऱ्याने काठीच्या टोकाने आईचा पदर बाजूला केला. हात लावला नाही. विटाळ होईल ना. कडेवरच्या बायचा गळा उघडा पडला. बाय म्हणजे माझी धाकटी बहीण, दोन वर्षांची. कानाखालून खांद्यापर्यंत मऊ गाठ, पाण्याने भरलेली.

"बघा, ह्या घराचा पाप गळ्यात इला."

मग तेच त्याने गाऱ्हाण्यात घातलं. देवा म्हाराजा, ह्यांच्या हातून काय चुकला-माकला आसात तर पदरात घे. सगळा गाव म्हणाला, व्हय म्हाराजा. पायरीखाली उभी आमची वाडीसुद्धा. आईसुद्धा. तिच्या लेकराला पाप म्हटलं, आणि तिने व्हय म्हटलं.

पापबिप काही नव्हतं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आईच्या पोटात असतानाच अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या चुकीच्या जुळल्या, त्यात पाणी साठलं. कॅन्सर नाही. पण संसर्ग झाला तर एकदम सुजेल, श्वास कोंडेल. त्याआधी लहान मुलांच्या सर्जनकडे न्या.

आमच्याकडे कौल लावल्याशिवाय लेकराला सुरी लागत नाही. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. डावी पडली. मानकरी म्हणाला, जत्रेपर्यंत थांबा. मी बाबांशी भांडले. ते एवढंच म्हणाले, "आमका गावात रवाचा आसा गो." गावात राहायचं तर कौल मोडायचा नाही.

श्रावणात बायला सर्दी झाली. एका रात्रीत गाठ लाल, टणक. ओठ निळे. गोव्याच्या हॉस्पिटलच्या वाटेवर आई गाडीत तिच्या तोंडावर पदराने वारा घालत राहिली. डॉक्टरांनी आधी गळ्याला भोक पाडून नळी घातली. गाठ नंतर काढली. तीही सगळी नाही, नसांना चिकटलेली तशीच ठेवावी लागली.

बाय वाचली. नळी अजून आहे. ती रडते तेव्हा आवाज येत नाही, नुसतं तोंड उघडतं. आई भाकरी थापताना सारखी मागे वळून बघते.

जत्रेला मानकऱ्याचा निरोप आला. पाप फिटलं, नारळ घेऊन या. आई उठलीसुद्धा. मी तिला बसवलं. एकटी गेले. पायरी चढले.

"पाप तिचा नव्हता. थांबा म्हणान तुमी सांगितलात."

"कोणाची गो तू? खाली उतर."

उतरले नाही.

आता वाडीवाडीत पत्रकं वाटते, अशी गाठ दिसली तर कौलासाठी थांबू नका म्हणून. लोक दार लावून घेतात. लावू देत. देवाला विचारायचं तर लेकराला सर्जनकडे पोचवून विचारा. तोवर, ज्या घरात असं लेकरू आहे, त्या दारातून मी हलणार नाही.