कस्तुराच्या ओळीसाठी मशीन

पिंपरीच्या त्या चाळीत १९७४ सालच्या मार्चात एक बातमी नळावरून निघाली आणि पाणी जायच्या आत शेवटच्या खोलीपर्यंत पोचली. कस्तुराचा नवरा साहेबराव चिंचवडगावात सोनाराकडे चोरून खेटे घालतोय! तीन गुरुवार झाले, दर खेपेला काखेत चादरीचं बोचकं. पाटल्या घडतायत म्हणे, आणि त्या कस्तुरासाठी नाहीत. मग कोणासाठी? ते बातमी आणणाऱ्या शालनबाईला ठाऊक नव्हतं. पण ती बाई आळंदीकडची आहे, एवढं तिनं नक्की करून टाकलं होतं.

साहेबराव कंपनीत इन्स्पेक्शनला. दुसऱ्याच्या मालात खोट काढायची हा धंदा, आणि धंदा घरी आणायची खोड. जेवायला बसला की म्हणायचा, “ही भाकरी एका अंगाला जाड हाय.”

“मग दुसऱ्या अंगानं खावा,” कस्तुरा म्हणायची. असल्या माणसाला दुसरी कोण बाई पदरात घेणार, या भरवशावर ती आजवर निर्धास्त होती.

पण त्या महिन्यात तिचंच चित्त ठिकाणावर नव्हतं. लग्नाआधी कस्तुरा गायन पार्टीत होती. मुंबईच्या एका लहानशा कंपनीनं त्या पार्टीची दोन गाण्यांची रेकॉर्ड काढली आणि लगेच कंपनीच बंद पडली. त्यातल्या भीमजयंतीच्या गाण्यात दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ कस्तुराची एकटीची. राहिलेली एक प्रत तिच्या ट्रंकेत. यंदा जयंतीला चाळीतल्या बायकांनी तेच गाणं बसवायचं ठरवलं. शिकवणार कस्तुरा, आणि त्या ओळीची चाल तीच विसरलेली! रेकॉर्ड लावावी, तर घरातलं मशीन म्हणजे नांगर. सुईचा दांडा इतका जड, की सुई रेषेतून गाणं काढायचं सोडून रेषच खरवडायची. मागल्या वर्षी नेमकी तिच्या ओळीवर खरखर आली. तेव्हापासून ट्रंकेला कुलूप आणि किल्ली कमरेला.

“दुसरं मशीन बघतो,” साहेबराव म्हणाला. आता साहेबरावाचं बघणं म्हणजे! आधी जुनंच मशीन ‘तपासायला’ म्हणून उचलून नेलं. मग पुण्यातल्या दुकानदारांना त्याचा चेहरा पाठ झाला. कपाटाएवढ्या रेडिओग्रामला त्यानं लांबूनच हात जोडले; तो खोलीत ठेवला तर माणसांनी ओट्यावर झोपायचं. दुसरं सुटकेससारखं, झाकणातच स्पीकर. शेजारच्या जयसिंगकडे तसलंच होतं. तेही तपासायला मागून नेलं. तिसरं चिंचवड स्टेशनजवळच्या जुन्या मालाच्या दुकानातलं, उघडंबोडकं: नुसती फिरती थाळी आणि दांडा. आवाज घरच्या रेडिओतून काढायचा. रेडिओच्या पाठीला त्यासाठी दोन भोकं असतातच. मात्र दांड्याच्या शेपटाला एक लोखंडी गोळा होता. तो मागंपुढं सरकवला की सुईचा भार कमीजास्त व्हायचा.

शनिवारी साहेबराव ते तिसरं घेऊन आला. जयसिंग दारातच हसला. “राव, झाकण न्हाई, स्पीकर न्हाई. बिनछपराचं घर घेतलं व्हय?”

“तुझं झाकण झकास हाय भावा. पण रेकॉर्ड झाकणावर वाजती का?”

वायरी जोडून झाल्या. साहेबरावानं हात पुढं केला. “रेकॉर्ड काढ.”

“आदी पाटल्या काढा.”

“कसल्या पाटल्या?”

“आळंदीवालीच्या! मशीन तपासायचं तर रेडिओवाल्याकडं न्यावं. सोनाराकडं काय काम?”

तेवढ्यात शालनबाई साखर मागायला आली. वाटी आणायची मात्र विसरली होती.

साहेबरावानं खिशातून एक चिठ्ठी काढली. कंपनीत आखतात तसे रकाने, तीन आकडे, शेवटच्या आकड्यापुढं ‘पास’ आणि खाली सही. कस्तुरानं ती एकदा वाचली, दोनदा वाचली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. “घरात बी सही करता व्हय?” म्हणत तिनं कमरेची किल्ली सोडली.

सुई टेकली. पडलेले ओरखडे काही बुजत नाहीत, खरखर होतीच. पण तिच्याखाली ओळ शाबूत होती. एकोणीस वर्षांची कस्तुरा वरच्या सुरावर चढली, तिथं क्षणभर थांबली आणि सावकाश खाली उतरली. विसरली होती ती ही थांबायची जागा.

“पुन्यांदा लावा,” वर्षभर रेकॉर्डला हात लावू न देणारी बाई म्हणाली. तिसऱ्या खेपेला ती स्वतःच गायली. दारातून शालनबाईनंही सूर मिसळला.

“शालनबाई, तुमी खालच्या पट्टीत गा. वरची बातम्यांना राहू द्या,” कस्तुरा म्हणाली. “आन् उद्या चारला या समद्या. बसवायला घेऊ.”

सोनाराचं म्हणाल, तर ग्रॅम-ग्रॅम तोलणारा काटा आसपास फक्त त्याच्याकडेच होता. साहेबराव तिन्ही गुरुवारी त्याच्याकडे मशीन घेऊन गेला आणि सुईचा भार तोलून आला. जुन्या मशीनचा एक तोळा भरला, जयसिंगच्या मशीनचा आठ ग्रॅम, दुकानातून आधी तपासायला मागून नेलेल्या उघड्या मशीनचा गोळा सरकवून चार. सोनं त्यानं घेतलं नाही.