एका सुनेची दोन नावं

खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांत मी देवाचं नाव जितक्या वेळा घेतलं, त्यातल्या निम्म्या वेळा रागानंच घेतलं. सकाळी पूजेला बसलो की ओठांवर अथर्वशीर्ष असायचं आणि मनात यादी चाललेली असायची. दिल्लीहून अजून उत्तर नाही. आयर्लंडच्या संस्थेच्या अहवालाची मुदत संपत आली. जावयाचा पोलीस दाखला पुन्हा काढावा लागणार. फूल वाहता वाहता मी गणपतीला विचारायचो, लोक तुम्हाला विघ्नहर्ता म्हणतात, तर मग माझ्याच दारात ही रांग कुणी लावली? लहानपणापासून मी भक्ती करत आलो, पण तोवर देवाला कधी जाब विचारला नव्हता.

माझा मुलगा शशांक आणि सून ज्योत्स्ना एकाच दिवशी, एकाच अपघातात गेले. त्यांची तेजल तेव्हा चार वर्षांची होती. माझी पत्नी त्याच्या आधीच गेलेली, त्यामुळे जळगावच्या आमच्या तीन खोल्यांत उरलो मी आणि ती. मी पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेलो. यंत्रं सांभाळण्यात आयुष्य गेलं, वेणी घालायला सत्तरीच्या उंबरठ्यावर शिकलो. वर्षभर बरं चाललं. मग माझा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि पुढं काय काय होईल तेही न लपवता सांगितलं. त्या आठवड्यात आयर्लंडहून माझ्या मुलीचा, वर्षाचा, फोन आला. ती म्हणाली, "आबा, तेजलला आम्ही दत्तक घेतो. तिला आई-बाप मिळतील आणि तुमची काळजीही मिटेल." मी लगेच हो म्हणालो. आत्या आपल्या भाचीला घेऊन जाणार, यात कुणाला काय विचारायचं, असं मला वाटलं होतं.

विचारायला बरेच जण होते. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकानं दत्तक घ्यायचं तर तिकडची संस्था घरी येऊन तपासणी करते, तो अहवाल दिल्लीला येतो, दिल्लीहून पत्र जिल्ह्याला येतं, मग जिल्ह्याचे लोक आमच्या घरी येऊन मुलगी कशी राहते ते पाहतात. शिवाय आई-वडील नसलेल्या मुलीसाठी बालकल्याण समितीची परवानगी लागते. ती मिळाली की जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, पुन्हा दिल्ली, मग पासपोर्ट, मग व्हिसा. हे सगळं मुलांच्या भल्यासाठीच आहे, मला कळत होतं. पण प्रत्येक कागदाला स्वतःचं आयुष्य असतं हे मला माहीत नव्हतं. एक कागद हाती येईपर्यंत दुसरा मरायचा. आणि माझी सही दर वेळी वेगळी यायची, म्हणून माझी ओळख पटवणारा आणखी एक कागद.

या सगळ्यात तेजल मोठी होत होती. शाळेत तिनं आधीच सांगून टाकलं होतं की मी विमानानं आत्याकडे जाणार. वर्ष उलटलं तरी ती त्याच बाकावर. एक दिवस घरी येऊन दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आबा, मी जाणार की नाही ते एकदाच नक्की सांगा ना. मुली मला विचारतात, तुझं विमान पंक्चर झालं का?" मी हसलो, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

खरा खोडा पडला तो समितीच्या पुढ्यात. कागद तपासणाऱ्या कारकुनानं दोन दाखले शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. "आजोबा, मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव ज्योत्स्ना शशांक आहे. हा मृत्यूचा दाखला ज्योती दगडू अशा बाईचा आहे."

"एकच हो ती. माहेरचं नाव ज्योती, सासरचं ज्योत्स्ना."

"ते तुम्ही सांगताय. कागद तसं सांगत नाही."

"मग कागद काय सांगतोय?"

तो वाईट माणूस नव्हता. त्यानं आवाज खाली आणला आणि म्हणाला, "कागदाप्रमाणे मुलीची आई हयात आहे, आजोबा. आणि आई हयात असेल तर तिची संमती आणावी लागते."

जिला मी स्वतःच्या खांद्यावर नेलं होतं, तिची सही आणायला तो मला सांगत होता. मी दोन्ही दाखले पिशवीत घातले आणि जिना उतरलो.

झालं होतं ते असं. अपघातानंतर रुग्णालयात तिच्या पर्समधलं लग्नाआधीचं आधार कार्ड सापडलं आणि त्यावरूनच सगळी नोंद झाली. लग्नाची नोंदणी आम्ही केलेली नव्हती. लग्नपत्रिकेवर ज्योती छापलेलं. ज्योत्स्ना हे नाव आलं लग्नाच्या दिवशी, ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहून. शशांकला शोभेल असं नाव हवं म्हणून ते मीच निवडलं होतं. तिला विचारलं होतं का? नाही. तेव्हा कोण विचारायचं!

मग मी प्रतिज्ञापत्र केलं, पोलीस पाटलाचा दाखला आणला, व्याह्यांची साक्ष दिली. प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळालं, जन्माच्या वेळचा सरकारी पुरावा आणा. तेजलचा जन्म आईच्या माहेरी, धुळ्याच्या पुढच्या एका खेड्यात झाला होता आणि नोंद तिथल्या ग्रामपंचायतीत. तिथले ग्रामसेवक तीन गावं सांभाळायचे आणि या गावाला फक्त मंगळवारी दुपारी एकपर्यंत असायचे. मी चार मंगळवार गेलो. एकदा ते बैठकीला गेलेले, एकदा संगणक बंद, एकदा मी साडेबाराला पोचलो तर ते बाराला उठून गेलेले. चौथ्यांदा भेटले आणि म्हणाले, दाखल्यावर आहे तेच माझ्याकडे आहे, तरी जुनं दप्तर बघतो, पुढच्या मंगळवारी या. समितीची तारीख त्याच आठवड्यात होती. ती चुकली तर आयर्लंडच्या अहवालाची मुदत संपणार आणि पहिल्यापासून सगळं सुरू होणार.

त्या पाचव्या मंगळवारी सकाळी शेजारच्या वहिनींकडे तेजलला सोडून मी धुळ्याची एसटी धरली. एरंडोलच्या जवळ गाडीतून धूर यायला लागला आणि स्टँडवर येऊन ती जी थांबली ती थांबलीच. मागून आलेल्या दोन गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती आणि थरथरत्या हातानं दांडी धरून उभं राहणं मला जमत नाही. घड्याळात अकरा वाजून गेले. ग्रामसेवक आता भेटणार नाहीत हे कळून चुकलं. मला इतका संताप आला की हातातली फायलींची पिशवी तिथंच टाकून घरी जावंसं वाटलं. तेवढ्यात एक रिक्षावाला "पद्मालय, पद्मालय" असं ओरडत समोरून गेला. मंगळवार म्हणून भाविकांची ये-जा होती. मी जाऊन बसलो. दर्शनासाठी नाही. भांडायला.

पद्मालयाला एकाच चौथऱ्यावर दोन गणपती आहेत, एकाची सोंड उजवीकडे, एकाची डावीकडे. मी गाभाऱ्यासमोर उभा राहिलो, हात जोडले नाहीत, आणि बोलायला लागलो. मनातल्या मनात बोलतोय असं मला वाटत होतं. "दोघं दोघं बसलात इथं, आणि एका म्हाताऱ्याचा एक कागद हलत नाही तुमच्याकडून? पोरीची आई मेली हे सिद्ध करायला मी वर्षभर फिरतोय. आणखी काय करू? जमत नसेल तर नाही म्हणून सांगा, मी घरी जातो."

तळ्याच्या पायरीवर येऊन बसलो तेव्हा दुर्वांची परडी घेतलेली, साठीतली एक बाई शेजारी येऊन टेकली. हसून म्हणाली, "काय झायं भाऊ, देवसंगे भांडी ऱ्हायनात का?"

देवाशी भांडताना मी मोठ्यानं बोललो होतो तर. मला लाज वाटली. मग वाटलं, लाजून तरी काय करायचंय. मी सगळं सांगितलं. पोरगी कुठं जन्मली एवढंच तिनं दोनदा विचारलं, घरी की दवाखान्यात. सरकारी दवाखान्यात, मी म्हणालो, गावाजवळच्या आरोग्य केंद्रात. तशी ती सरळ होऊन बसली.

"मंग ग्रामसेवककडे कशाले जातस भाऊ? दवाखान्यातलं प्रसूती रजिस्टर पाह्यलं का?"

ती आरोग्य खात्यात आयुष्यभर सिस्टर होती, धुळ्याच्याच बाजूला, चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेली. तिनं समजावून सांगितलं. पहिल्या बाळंतपणाला पोरी माहेरी येतात. गाव त्यांना माहेरच्याच नावानं ओळखतं. सासरचं नाव घेऊन शोधायला गेलं तर घर सापडत नाही आणि लस द्यायची राहून जाते. म्हणून तिच्या वेळच्या सिस्टर रजिस्टरात दोन्ही नावं लिहायच्या. नियम होता म्हणून नव्हे, बाळ हरवू नये म्हणून. "सगळ्याच लिहायच्या असं नही," ती म्हणाली, "पण चला, पाहू. मालेबी धुळ्यालेच जानं शे."

रिक्षानं एरंडोलला परतलो, तर पुढच्या गाडीत आम्हाला दोघांना जागा मिळाली. वाटेत ती तिच्या सांधेदुखीबद्दल बोलत होती आणि मी पिशवी छातीशी धरून बसलो होतो. आशा ठेवायचीही मला भीती वाटत होती. तीनच्या सुमाराला आम्ही केंद्रावर पोचलो. तिथल्या तरुण सिस्टरनं "बाई, तुम्ही?" म्हणत उठून तिला खुर्ची दिली. लोखंडी कपाट उघडलं. त्या वर्षाचं रजिस्टर खालच्या कप्प्यात होतं, पाठीचं कापड निघालेलं. पानं उलटताना माझा हात मधे नको म्हणून मी तो खिशात घातला.

ओळ सापडली. निळ्या शाईत, स्वच्छ अक्षरात: ज्योत्स्ना शशांक, पुढं माझं आडनाव, आणि कंसात, माहेरचे नाव ज्योती दगडू. पहिली खेप. मुलगी. शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात एक वाक्य होतं, "दोन्ही नावे लिहावीत अशी आईची विनंती."

मी ते वाक्य कितीदा वाचलं कोण जाणे. त्या खात्याची रीत असेल, लिहिणाऱ्या सिस्टरची दक्षता असेल. पण तिनं सांगितलं होतं. माझ्या सुनेनं, प्रसूतीच्या कळा संपून काही तास झाले असतील तेव्हा, आपलं पहिलं नाव पुसू दिलं नव्हतं. मी बदलून टाकलेलं ते नाव तिनं गुपचूप जपून ठेवलं होतं आणि त्याच नावानं आज तिची मुलगी सुटत होती. वर्षभर मी कार्यालयांना, कारकुनांना, देवाला दोष देत फिरलो. गाठ मीच मारलेली होती. मी तिथं बाकावर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. सिस्टरबाईंनी पाणी दिलं आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून सही-शिक्क्याचा उतारा करून घेतला. त्यांना पुन्हा कुठं भेटू विचारलं तर म्हणाल्या, "मी दर मंगळवारी काही येत नही भाऊ. आज पाय निघाले, आले." धुळ्याच्या स्टँडवर त्या गर्दीत मिसळल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दोन दिवसांनी समितीनं तो उतारा मान्य केला. समितीच्या बाईंनी तेजलशी वेगळ्या खोलीत बोलून घेतलं, मग मला बोलावलं. समोर कागद ठेवला, वर ठळक अक्षरात समर्पणपत्र असं लिहिलेलं. हा शब्द मी आयुष्यभर कीर्तनात ऐकला होता. इथं त्याचा अर्थ सरळ होता, या मुलीवरचा माझा हक्क मी स्वखुशीनं सोडत आहे. पेन धरलं तर हात असा हलायला लागला की रेघ ओढवेना. आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही सगळी थरथर काही आजाराची नाही. अडथळे दूर करा म्हणून मी रोज ओरडत होतो, पण ते दूर झाले की तेजल जाणार, हेही मला ठाऊक होतं. माझा अर्धा राग त्याचा होता. बाई शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, अंगठा चालेल." मी डोळे मिटले, "तुमचीच होती, घ्या" असं मनात देवाला म्हणालो आणि अंगठा टेकवला.

त्यानंतर सगळं झटपट झालं असं नाही. पाच महिने गेले. पासपोर्टवर आडनावातलं एक अक्षर गळलं तेव्हा मी खिडकीपाशी इतका ओरडलो की शिपाई धावत आला. अनुभव आला म्हणून स्वभाव बदलत नाही. पण घरी येऊन देवापाशी बसलो तेव्हा यादी वाचली नाही. नुसता बसलो.

वर्षा आली आणि तेजलला घेऊन गेली. घर किती मोठं आहे ते मला त्या दिवशी कळलं.

तीन महिन्यांनी आयर्लंडहून एक कागद आला. दत्तक गेलेल्या मुलीचं कसं चाललंय याचा अहवाल तिकडची संस्था ठरावीक दिवसांनी पाठवते, त्याची प्रत वर्षानं मला धाडली होती. मी शेजारच्या वहिनींकडून तो मराठीत वाचून घेतला. वजन वाढले आहे. शाळेत मैत्रिणी झाल्या आहेत. झोपताना आजोबांची आठवण काढून रडते. सकाळी मात्र स्वतःहून लवकर उठते आणि शाळेची वाट धावत जाते.

वहिनी शेवटच्या दोन ओळींपाशी अडखळल्या, माझ्याकडे पाहायला लागल्या. मी म्हटलं, वाचा हो, दोन्ही वाचा. देवानं दोन्ही दिल्यात. तो कागद मी देव्हाऱ्यात ठेवला, आणि त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी, काहीही न मागता, हात जोडले.